चव्वेचाळीस

घारपुरे सरांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं.
चेंडू लांबोडका असतो, हेसुद्धा नाही.
रावपुऱ्यातल्या दुकानात कुणाचा तरी व्हॉल्व्हचा रेडिओ,
पाठ उघडी टाकलेला,
सर काटा फिरवत लघुलहरी चाचपत होते
तर मेलबर्न लागलं.

सत्तरचा सप्टेंबर. पितृपक्षातला शनिवार.
समोरच्या पत्र्यावर कावळ्यांची वर्दळ
आणि खोक्यातून लाखभर माणसांचा एकच आवाज,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा.
मध्यंतर झालेलं. एक संघ चव्वेचाळीसने मागे.
तेवढा आकडा सरांना लागला.

मग निवेदक परत परत तेच सांगू लागला:
लाथेचा खेळ, पण हे आता लाथ मारत नाहीत,
हातानेच देताहेत. जवळच्याला. लगेच.
आणि राखीव बाकावरून एक किडकिडीत पोरगा उतरलाय.
सरांनी डाग द्यायची सळई खाली ठेवली.
वीज गेली.

तीन वाजता आमचा सुरतेशी अंतिम सामना.
मी बारावी.
म्हणजे पाण्याची कळशी, सुटलेल्या रिबिनी,
सुहासिनी गुप्तेचा चष्मा माझ्या मुठीत.
पहिल्या डावाअखेर सात गड्यांनी मागे आम्ही.
सगळी भिस्त दमयंतीच्या पायांवर:
ती धावायची खांबापासून खांबापर्यंत,
बाकीच्या बसून तिच्याकडे बघायच्या,
वरातीकडे बघावं तशा.

सर आले. सायकल तशीच आडवी टाकून.
"चव्वेचाळीस," म्हणाले.
आम्हाला वाटलं, ऊन लागलं.
"दोन पावलांवर कुणी धावायचं नाही.
खो देऊन टाकायचा. हातात ठेवायचा नाही.
आणि तू, ऊठ."

चष्मा कुणाकडे द्यावा ते मला सुचेना.

पुढचं सलग आठवत नाही.
पाठीवर पंजा, ऊठ, दोन पावलं, खो,
पाठीवर पंजा,
कोपरं सोललेली, दाताखाली माती,
आठ पाठींचा एकच कणा झालेला
आणि सुरतेची ती उंच मुलगी, शेवटची,
खांबाला वळसा घालून निसटली,
तिच्या वेणीचं टोक माझ्या बोटांत.

वेणी अंगात धरायची की नाही?
पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं, उलटं, सुलटं.
वेणीबद्दल त्यात काही नव्हतं.

एका गड्याने हरलो.

त्या दुपारनंतर बडोद्यात
लांब धावणारी मुलगी झाली नाही, असं मी म्हणते.
दमयंती म्हणते, अगं, माझा गुडघाच गेला होता.

सर पुढे वीस वर्षं विचारत राहिले,
पान लावताना, बिल फाडताना, उगाच:
काय झालं असेल गं त्यांचं?
कुणाला माहीत असणार? वर्तमानपत्रांत
तिकडचं क्रिकेट तेवढं यायचं.

दहाव्याला चांदोदच्या घाटावर
कावळा शिवेना.
मुलगा म्हणाला, दुकान विकणार नाही.
बाई म्हणाल्या, मी धाकट्याकडे राहीन.
नर्मदेवर ऊन चढत गेलं, भात वाळत गेला,
मी मागे उभी होते. मला माहीत होतं काय अडलंय,
पण उत्तर नव्हतं माझ्याकडे.
शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला.

परवा भाच्याचा फोन, मेलबर्नहून. सहज विचारलं.
त्याने तिथल्या शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं,
तर म्हातारा पाऊण तास बोलत होता म्हणे.
दहा गुणांनी जिंकले.
खेळच बदलला त्या दुपारी, म्हातारा म्हणाला.
त्याची बायको आतून ओरडली,
काही नाही, आधीपासून चाललंच होतं ते.

दुकान विकलं कधीच. आता तिथे मोबाइलची कव्हरं.
पत्रा आहे अजून.
मी पायरीवर थोडी थांबले, गिऱ्हाइकासारखी,
आणि वर बघून सांगितलं:
दहाने, सर.

पोरगा म्हणाला, आंटी, कोणतं मॉडेल?